लोटूमामा घर बघायला जातात

लोटूमामांनी जुळवलेलं लग्न मोडत नाही! हे आम्ही नाही म्हणत, लोटूमामा म्हणतात, आणि त्यांचं बोलणं खोडून काढणारा माणूस सुरतेच्या गोडादऱ्यात अजून राहायला आलेला नाही. दिवसभर पावरलूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, मास्टर म्हणून कारागिरांवर ओरडायचं आणि उरलेल्या वेळात खानदेशातून सुरतेला आलेल्या आपल्या लोकांची पोरं-पोरी उजवून द्यायच्या, असा त्यांचा तीस वर्षांचा क्रम. एकेचाळीस लग्नं त्यांच्या नावावर आहेत. चौकशीचा फोन आला की समोरच्याला काय ऐकायचंय हे मामांना आधी कळतं. मग मुलीचं वय चार वर्षांनी खाली येतं, मुलाचा पगार तेवढाच वर जातो आणि दोन्हीकडची माणसं समाधानाने झोपतात. याला मामा खोटं म्हणत नाहीत. रीत म्हणतात.

पण दिव्याखाली अंधार होता. मामांची सख्खी भाची हर्षदा एकतीस वर्षांची झाली होती आणि तिचंच काही जुळत नव्हतं. बहीण वारली तेव्हा मामांनी बारा वर्षांच्या हर्षदाला सुरतेला आणलं. मामा आणि उषामामींना मूलबाळ नव्हतं, तेव्हा भाची म्हणा, लेक म्हणा, घरात तीच एक. ती बी.एस्सी. नर्सिंग झाली आणि नऊ वर्षं एका खासगी दवाखान्यात नोकरी करत होती. मामांनी सहा स्थळं आणली, सहाही तिने परत पाठवली. कारण विचारलं की म्हणायची, "बघू मामा." मामा त्याला नखरे म्हणायचे. उषामामी तसं म्हणायच्या नाहीत. पोरगी पिठाच्या डब्याला पुस्तक टेकवून वाचते आणि वाचता वाचता पोळी करपवते, हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं.

आता मामांना ठाऊक नसलेली एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवतो. हर्षदाला पुढे शिकायचं होतं. एम.एस्सी. नर्सिंग करून नर्सिंगच्या मुलींना शिकवायचं होतं. वॉर्डात नवी आलेली मुलगी हातात सुई घेऊन थरथरत उभी राहिली की हर्षदा तिचा हात धरून शीर सापडवून द्यायची. मग त्या मुलीचा चेहरा असा काही उजळायचा की हिला वाटायचं, आपण हेच करायला हवं, जन्मभर हेच. ही ओढ तिने सहा वर्षं मनात ठेवली होती. यंदा धीर करून तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला, इच्छापोरकडच्या एका कॉलेजात अर्ज भरला. हॉस्टेल सक्तीचं, म्हणून फॉर्मात पालकांचा फोन नंबर हवा होता. तिने मामांचा दिला आणि रविवारी त्यांना सांगायचं ठरवलं. पण रविवारी मामा एका स्थळाचा फोटो घेऊन आले, पुढच्या रविवारी दुसऱ्या स्थळाचा, आणि तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी दुपारी कॉलेजातून थेट मामांनाच फोन गेला.

खात्यात चाळीस माग धडधडत होते. मामा फोन घेऊन बाहेर गल्लीत येईपर्यंत पलीकडच्या बाईंनी आपण कोण, कुठून बोलतो हे सांगूनही टाकलं होतं. मामांच्या कानावर पडलं ते त्यापुढचं, "हर्षदाबेनना वाली बोलो छो?"

अनोळखी बाई, आवाजात अदब, आणि विचारणा मुलीच्या पालकांची. तीस वर्षं हेच करत आलेल्या माणसाला आणखी काय सांगावं लागतं? बाई गुजरातीत बोलत होत्या, त्याचंही मामांना काही वाटलं नाही. इथे जन्मलेले आपले लोक आता घरातसुद्धा गुजरातीच बोलतात. मामांनी घसा साफ केला आणि पवित्रा घेतला.

बाईंनी वय विचारलं, मामांनी सत्तावीस सांगितलं. नोकरीचा अनुभव विचारला, तेव्हा मामा म्हणाले, नोकरी आपली नावापुरती, वेळ जावा म्हणून. तुम्ही म्हणाल त्या दिवशी सोडेल. रात्रपाळी जमेल का? मामा म्हणाले, रात्री घराबाहेर राहणारी मुलगीच नाही आमची. अभ्यासाची सवय राहिली आहे का? इथे मामांनी आपलं सगळं कसब पणाला लावलं. फार शिकलेली सून सासूला जड जाते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणाले, पुस्तकाला हात लावत नाही हो! दहा माणसांचा स्वयंपाक एकटी करते आणि कोणाला उलट उत्तर देत नाही.

पलीकडून बाईंनी कागद उलटल्याचा आवाज आला. लिहून घेत असाव्यात. मग म्हणाल्या, तिला इथेच राहावं लागेल, तुमची हरकत नाही ना?

मामांनी कसंबसं हरकत नाही म्हटलं. बाईंनी गुरुवारी अकरा वाजता या, मॅडम तुम्हाला भेटतील असं सांगून फोन ठेवला आणि मोबाइलवर जागेचा नकाशा पाठवला. मॅडम म्हणजे अर्थात मुलाची आई. पण मामा फोन हातात धरून तसेच गल्लीत उभे राहिले. एकेचाळीस मुलींच्या पाठवणीत हा माणूस पंगतीचं बघत हिंडलेला. आज पहिल्यांदाच त्यांना आपलं घर दिसलं, संध्याकाळी दार उघडायला हर्षदा नसलेलं. जे लग्न जुळावं म्हणून इतकी वर्षं जिवाचं रान केलं, ते या क्षणी त्यांना नकोसं झालं.

हर्षदाला काही सांगायचं नाही, असं मामा आणि मामींनी ठरवलं. सांगितलं की ती पुन्हा "बघू मामा" म्हणणार. शिवाय आपल्यात मुलीकडच्यांनी आधी घर बघून यायची रीत आहेच. पाणी किती वेळ येतं, चूल कोण सांभाळतं, माणसं एकमेकांशी कशी बोलतात, हे बघितल्याशिवाय मामा कोणाची मुलगी देत नाहीत. गुरुवारी सकाळी हर्षदा ड्यूटीला जाते म्हणून निघाली. तिच्यामागून तासाभराने मामा, मामी, एक नारळ आणि किलोभर पेढे भटूच्या गाडीतून इच्छापोरच्या वाटेला लागले. भटू हा मामांचा जुना दोस्त. घर बघायला जाताना गाडी त्याची असे आणि पाणी चाखून बघण्याचा मानही त्याचाच.

गाडी थांबली ती भल्यामोठ्या फाटकापाशी. वर पाटी होती नर्सिंग कॉलेजची. भटू म्हणाला, चुकलो आपण. पण मामांचं डोकं अशा वेळी फार जोरात चालतं. मुलाची आई इथली मोठी मॅडम, मुलगा डॉक्टर, आणि नर्स सून त्यांनी मुद्दाम शोधून काढलेली! जे जुळत नाही ते जुळवण्यातच मामांचं आयुष्य गेलं होतं, तेव्हा एवढं जुळवायला त्यांना कितीसा वेळ लागणार?

हर्षदाचे पालक म्हटल्यावर वॉचमनने आत सोडलं. भटूने व्हरांड्यातल्या कूलरचं पाणी पिऊन मान डोलावली. मामींनी मेसमध्ये डोकावून डाळीचं पातेलं पाहिलं आणि एवढा स्वयंपाक पोरीच्या अंगावर पडणार म्हणून त्या कळवळल्या. मामांनी एका शिपायाला सहज विचारलं, इथे राहायला माणसं किती? तो म्हणाला, दोनशे चाळीस. फोनवर आपण दहाच सांगून बसलो, याचा मामांना पश्चात्ताप झाला.

प्रिन्सिपॉलच्या खोलीबाहेर बाकावर पाच-सहा मुली फायली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेवटच्या टोकाला हर्षदा. तिने मामांना पाहिलं, त्यांच्या हातातला नारळ पाहिला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. मामांनी ताडलं, यांनी परस्पर पोरीलाही बोलावून घेतलंय, म्हणजे मुलगी दाखवायचा कार्यक्रम आजच उरकणार. त्यांनी तिला नजरेनेच नीट बसायला सांगितलं. तेवढ्यात शिपायाने हर्षदाला आणि तिच्या पालकांना आत बोलावलं.

प्रिन्सिपॉल वंदना मॅडम मूळच्या नाशिकच्या, तेव्हा बोलणं मराठीतच सुरू झालं. मामांनी नारळ टेबलावर ठेवला. मॅडमनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि समोरचे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"फॉर्मात वय एकतीस आहे, तुम्ही फोनवर सत्तावीस सांगितलंत. फॉर्मात नऊ वर्षांचा अनुभव आहे, तुम्ही म्हणता नोकरी नावापुरती. ही लिहिते की मला शिकवायचंय, आणि तुम्ही सांगता ही पुस्तकाला हात लावत नाही. खोटं कोण बोलतंय ते मला कळायला हवं. फॉर्म खोटा असेल तर हा अर्ज मी इथेच रद्द करणार."

मामा भाचीकडे झुकले आणि मुलाबद्दल हळूच अहिराणीत म्हणाले, "पोऱ्या कोठे शे?"

"मामा, पोऱ्या नही शे," हर्षदा म्हणाली. "मीच शे. ह्या माले शिकाले लेतस का नही, ते देखी ऱ्हायनात."

मामांनी तिच्याकडे नीट पाहिलं. सहा वेळा पाहुण्यांसमोर बसवली तेव्हा ही पोर दगडासारखी बसली होती. आज ती फाइल छातीशी धरून खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसली होती. तिला एखादी गोष्ट इतकी हवी असू शकते, हे एकोणीस वर्षं एका घरात राहून मामांना माहीत नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि तिची फार दया आली.

चौकशीत दिलेला शब्द मामांनी आजवर फिरवला नव्हता. ते उठून उभे राहिले.

"मॅडम, फॉर्म खरा आहे. खोटं मी बोललो. वय एकतीसच. नऊ वर्षांत हिने एक रात्रपाळी चुकवली नाही. स्वयंपाक हिला येत नाही, पोळ्या करपवते, कारण पुस्तक वाचत असते. उलट उत्तरं देते, मलाच देते. सहा मुलांना नाही म्हणाली. मी त्याला नखरे म्हणायचो. ती कशासाठी थांबलीय, ते मी कधी विचारलंच नाही. मला पोरी उजवता येतात, मॅडम. विचारता येत नाही."

मॅडम म्हणाल्या, पालकाने स्वतःच्या मुलीची इतकी बदनामी केलेली त्यांनी आजवर ऐकली नव्हती. मग त्यांनी मामा-मामींना बाहेर बसायला सांगून हर्षदाची मुलाखत घेतली. ती चाळीस मिनिटं चालली. तेवढ्या वेळात काळजीपोटी भटूने अर्धा किलो पेढे संपवले.

सोमवारी यादी लागली. हर्षदाचं नाव तिसरं होतं. मामांनी खात्यात सगळ्यांना सांगितलं की पोरीचं ठरलं, आणि मुलगा काय करतो असं विचारणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगत बसले. चार तास माग बंद राहिले, पण मास्टरला बोलणार कोण?

हॉस्टेलला पोचवायच्या दिवशी मामांनी तिची पेटी दुसऱ्या मजल्यापर्यंत स्वतः वाहिली. पालकांची सही झाल्यावर वंदना मॅडमनी विचारलं, अजून काही विचारायचंय का? मामांना विचारायचं होतं. मुलीकडचे शेवटी जे विचारतात तेच.

"पहिली दिवाळी माहेरी. पाठवाल ना?"

मॅडमनी गंभीरपणे कॅलेंडर पाहिलं आणि चार दिवस सुट्टी असते म्हणाल्या. मामांनी आठ मागितले. मॅडम चारावरच राहिल्या. मामा सहावर आले. मॅडम हलल्या नाहीत. शेवटी हर्षदानेच त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं; ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. लोकांच्या मुलींसाठी आयुष्यभर घासाघीस केलेल्या माणसाला स्वतःच्या पोरीसाठी एक दिवसही वाढवून मिळाला नाही.

परतताना तापीचा पूल आला तेव्हा मामा म्हणाले, घर चांगलं आहे, माणसंही बरी आहेत, फक्त सासू कडक आहे. भटू हसला. मामी हसल्या नाहीत.

"दिवाळीले आखो कितला दिन शेतस?" त्यांनी विचारलं.

"सत्त्याण्णव," मामा ताबडतोब म्हणाले. मग आपण दिवाळीपर्यंतचे दिवस आधीच मोजून ठेवले होते हे सगळ्यांना कळलं, हे लक्षात येऊन ते घाईघाईने खिडकीबाहेर बघायला लागले.