आधी पेपर, मग भांडण, मग मंडळ

वैरागडे सर कपडे धुवायला आले की मशीनवर चिकटवलेल्या सूचनासुद्धा मोठ्याने वाचतात. "रबरी वस्तू आत टाकू नयेत," असं ते भर पंपावर जाहीर करतात आणि पेट्रोल भरणारी माणसं वळून पाहतात. मग बाकावर बसून ते आमच्या पोर्टलीश गावाच्या साप्ताहिकाची घडी उलगडतात. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, वासरांच्या बाजारभावासकट, सगळं खणखणीत आवाजात वाचलं जातं.

आमच्या वसाहतीच्या तोंडाशी पेट्रोल पंप आहे आणि पंपावर उघड्यावरच धुलाईची मोठाली मशीनं. आयर्लंडच्या हवेत दुलई घरी वाळत नाही, त्यामुळे रविवारी सकाळी निम्मी वसाहत तिथे भेटते. मी पुण्याची, इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते आणि रविवारची शांतता मला फार प्रिय. आता ती शांतता उरलेली नाही.

सर नागपूरचे, पन्नाशीचे, एकटे. कुणालाही शिकवत नाहीत, तरी आम्ही मराठी मंडळी त्यांना सर म्हणतो. असा आवाज असलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? कॉर्क शहरातल्या विद्यापीठाच्या एका संशोधन प्रकल्पासाठी ते मेक्सिकोची शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं वाचतात. घरी बसून, आणि अर्थातच मोठ्याने. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. मला स्पॅनिश येत नाही, पण कुठला संपादक कुठे चिडलाय ते भिंतीपलीकडून बरोबर कळतं.

"मनातल्या मनात वाचला तर तो नुसता कागद," हे सरांचं एक ठरलेलं वाक्य. दुसरं, "मेक्सिकोत विचारा." त्यांच्या प्रकल्पाची छापील पुस्तिकाही त्यांनी आम्हाला बाकावर वाचून दाखवली होती, त्यात होतं की तिकडे तेव्हा वाचता येणारे थोडे. कुणी एकजण चौकात नाहीतर न्हाव्याच्या दुकानात पेपर वाचायचा, बाकीचे ऐकायचे. ऐकता ऐकता वाद पेटायचा आणि वादातून मंडळ निघायचं. कधी शाळेसाठी, कधी मयताच्या घरी मदतीसाठी, कधी नुसतं बँड वाजवायला. मग त्या मंडळाचा वृत्तांत पुन्हा त्याच पेपरात. सरांच्या शब्दांत, "आधी पेपर, मग भांडण, मग मंडळ." आता हे आम्हाला मेक्सिकोने शिकवायला हवं का? आमच्याकडे एका मंडळाच्या भांडणातून दोन मंडळं निघतात. मी हे त्यांना ऐकवलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि पुढची बातमी घेतली.

गप्पा मात्र त्यांना वर्ज्य. "सर, जेवलात का?" विचारावं, तर पेपर वर धरून "घरगुती बटाटे, दारात पोच" ही जाहिरात वाचायचे. त्यावरून आपण समजायचं आणि डबा द्यायचा. माझा नवरा म्हणायचा, "शिष्ट आहे गं जरा." मलाही तसंच वाटायचं.

त्यांचे कायमचे श्रोते दोन. एक ब्रायडी, सत्तरीपुढची, घरी मशीन असून पंपावर धुवायला येणारी. "युअर मॅन आज आला नाही?" असं तिने मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी दचकून नवऱ्याला शोधलं, इथे कुठल्याही पुरुषाला 'युअर मॅन' म्हणतात हे नंतर कळलं. दुसरी माझ्या हॉस्पिटलातली लुपे, ती तर खरीच मेक्सिकोची. तिच्या आजोबांना अक्षरओळख नव्हती, पण गावचा न्हावी वाचून दाखवायचा म्हणून सगळा पेपर पाठ असायचा. हे ऐकून सर इतके खूश झाले की त्यांनी तिला वासरांचे भाव दोनदा वाचून दाखवले.

एका रविवारी वासरं संपवून सर पुढच्या पानावर गेले आणि त्यांनी वाचलं की संध्याकाळची शेवटची बस यापुढे वसाहतीत वळणार नाही, बाहेर हमरस्त्यावरच सोडेल. मी ड्रायरमधून दुलई काढत होते, ती अर्धी आत तशीच राहिली. हमरस्त्यापासून आमच्या घरापर्यंत ना दिवे, ना फुटपाथ, आणि गाड्या सुसाट. मी आणि लुपे उशिराच्या पाळीनंतर त्याच बसने घरी येतो. मला भीती वाटली, सरळ सांगते.

मग भांडण. वसाहतीतले गाडीवाले म्हणाले, बस आत शिरते म्हणून वळणावर खोळंबा होतो. ब्रायडी म्हणाली, "तुमचा खोळंबा, आणि माझे गुडघे?" मी मराठीत जे म्हणाले ते इथे लिहीत नाही. पुढच्या रविवारी गाडीवाले पुन्हा भांडायला हजर, तेही धुवायला काही न आणता. सरांनी पेपरातून डोकं वर काढलं आणि एकच शब्द उच्चारला, "मंडळ." झालं, निघालं मंडळ. मंडळाने साप्ताहिकाला पत्र लिहिलं. त्यातल्या प्रत्येक वाक्यावर इतकी हुज्जत झाली की छापून येईपर्यंत ते सगळ्यांना तोंडपाठ होतं. गाडीवाल्यांचंही एक वाक्य त्यात घ्यावं लागलं.

अखेर बस कंपनीने हॉलमध्ये सभा ठेवली. आपल्या बाजूने बोलणार कोण, हा प्रश्नच नव्हता. सर जोरजोरात नकाराची मान हलवत होते. आम्ही तो विनय समजलो.

सर उभे राहिले आणि त्यांनी पेपर उघडला. समोरचा साहेब सभ्यपणे म्हणाला, "तुमचं पत्र आम्ही वाचलंय. आता वाचू नका, तुमच्या शब्दांत सांगा."

सरांनी पेपर मिटला. "आ... आ..." आणि ते अडले. मान ताठरली, ओठ हलत राहिले, शब्द बाहेर येईना. कुणीतरी खोकलं. चार ठरलेली वाक्यं आणि छापील मजकूर यांपलीकडे या माणसाच्या तोंडून मी कधी काही ऐकलंच नव्हतं, हे मला तेव्हा उमगलं. बस गेली खड्ड्यात, आता यांना कुणी हसू नये, एवढंच वाटत होतं.

ब्रायडी उठली. "वाचलंत ना? ऐकलंत कुठे?" ती साहेबाला म्हणाली. सरांच्या हातातला पेपर तिने उघडला, दोघांच्या मध्ये धरला आणि सुरुवात केली, "आम्ही या रस्त्यावर राहणारे..." लुपे उभी राहिली, तिने आवाज मिसळला, मग मी. आणि मग सरांचा आवाज आला, खणखणीत, कुठेही न अडता. पाठोपाठ सगळा हॉल. आरतीत होतं तसं कुणी पुढे, कुणी मागे. गाडीवाल्यांनी स्वतःचं वाक्य जरा जास्तच जोरात म्हटलं.

हा हिवाळा बस आत वळेल, असं साहेबाने तिथल्या तिथे कबूल केलं. पुढचं पुढे बघू, मंडळ आहेच.

त्यानंतरच्या रविवारी सर आले तेव्हा ब्रायडीने बाकावर सरकून जागा केली. "यू ग्रँड?" म्हणजे बरे आहात ना, असं तिने विचारलं. सरांनी पेपर मांडीवर ठेवला, उघडला नाही. आणि बोलू लागले. इंग्रजीत, सगळ्यांना कळावं म्हणून, एकेका शब्दाशी झुंजत. शाळेत एकट्याला उभं केलं की जीभ अडायची, पोरं हसायची. प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हणताना मात्र ते कधीच अडले नाहीत. पुढे घरी छापलेलं वाचून वाचून निदान आवाज तरी कमावला.

"ती... ती चौकातली माणसं," ते म्हणाले, थांबले, पुन्हा शब्द धरला, "म्हणून आवडली मला. तिथे कुणी एकटं नव्हतं."

एवढं सांगायला त्यांना फार वेळ लागला. कुणी मधेच शब्द पुरवला नाही. ड्रायर केव्हाच थांबला होता, कपडे आत गार होत होते आणि कुणीही उठलं नाही. सर दमून गप्प झाले तेव्हा लुपे जरा पुढे सरकली.

"मग?" ती म्हणाली. "पुढे सांगा ना."