तलावातला चोर बहुमताने शोधण्याची पद्धत

सिहोऱ्यापलीकडच्या एका गावात मच्छीमार संस्थेच्या तलावातले रोहू कमी होऊ लागले, आणि संस्थेने चोर लोकशाही मार्गाने शोधायचे ठरवले. अध्यक्ष हेमराज नुकताच साकोलीहून प्रशिक्षण घेऊन आला होता. तिथे प्रशिक्षणार्थींकडून एक खेळ खेळवून घेतला होता. चिठ्ठ्या वाटायच्या, एकाच्या चिठ्ठीत चोर, बाकीचे गावकरी. चर्चा करून ज्याच्या नावावर जास्त हात वर होतील त्याला बाहेर काढायचे, मग त्याची चिठ्ठी उघडायची. हेमराजने खेळ जसाच्या तसा ठरावात आणला. खऱ्या माणसाजवळ उघडायला चिठ्ठी नसते, ही किरकोळ अडचण पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आली. बाहेर गेलेल्याचा जाळे टाकायचा हक्क संपणार होता. अध्यक्षाचे नाव मतदानात घ्यायचे नाही, हे ओघाने आलेच.

सभासद धनीरामला चोर ठाऊक होता. तलावाच्या पाळीवर बसून रोहूचे डोके फोडणारे पाणमांजर त्याने डोळ्यांनी पाहिले होते. तो सांगणारच होता, तेवढ्यात दुसरा सभासद ईश्वर म्हणाला की हे एखाद्या जनावराचे काम असावे. चोराची बाजू घेणारा हा कोण, असे सगळ्यांना वाटले आणि ईश्वर बाहेर गेला. धनीरामने तोंडाला कुलूप लावले. पुढच्या बैठकीत आनंदाबाई गेली, कारण ती काहीच बोलली नव्हती.

रोहू कमी होतच राहिले. यावरून बाहेर गेलेले निर्दोष होते हे सिद्ध झाले, पण ठरावात बाहेर काढायची तरतूद होती, परत घ्यायची नव्हती. धनीराम मात्र तरबेज झाला. बोलायचे थोडेच, पण बोलायचे. हात पहिला नको, शेवटचाही नको. निम्मे हात वर गेले की आपला उचलायचा. जाळे गेले तर चूल कशी पेटणार, ही एकच धास्ती त्याला होती. तिच्यापायी त्याने सख्ख्या साळ्यावर, मिथुनवरही हात उचलला.

घरी बायकोने, यशोदाबाईने, ताट वाढले नाही.

"माह्या भावावर हात उचलला काहून?"

"सगळ्यायचे वर गेले होते. माहा एकट्याचा खाली दिसला असता."

"अन् ते पाणमांजर?"

"ते सभासद नाही."

असे करता करता संस्थेत हेमराज आणि धनीराम उरले. अध्यक्ष मतदानाबाहेर असल्याने नाव एकच होते. हेमराजने गंभीरपणे हात वर केला. निम्मे हात वर गेलेले पाहताच धनीरामचाही हात सवयीने वर गेला. ठराव एकमताने मंजूर झाला.

आता गमावण्यासारखे काही नव्हते. धनीरामने पाणमांजराचे सांगून टाकले.

"मीबी पाह्यलं," हेमराज म्हणाला. "पयल्या दिवसापासून पाहून राहिलो. बोललो असतो तं मले अध्यक्ष ठेवलं असतं का?"

धनीराम रिकाम्या हाताने घरी निघाला. पाळीवर ईश्वर, आनंदाबाई, मिथुन, सगळेच बसले होते. समोर पाणमांजर निवांत जेवत होते, आणि त्याच्याबद्दल अजूनही कोणी ब्र काढत नव्हते.

वाचकहो, हेमराजची चोरी शेवटी उघडकीला येईल म्हणून तुम्ही इथवर वाट पाहिलीत. पाणमांजर दुसऱ्याच परिच्छेदात दाखवले होते, तरी तुमचा हात हेमराजवरच वर होता. संस्थेत सध्या जागा भरपूर आहेत.