मास्तरांचा दोन दिवसांचा सक्तीचा आराम

"आराम करायचा त्यात काय अवघड आहे? रिव्हर्स पार्किंगपेक्षा सोपं!" शुक्रवारी संध्याकाळी मास्तरांनी घरात छाती पुढे काढून जाहीर केलं, आणि लगेच बायकोवर ओरडले, कारण ती चहाचा कप टेबलाच्या अगदी कडेला ठेवत होती. "आत घे! अजून आत! डावीकडे बघ, बशी आहे! बास!"

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलचे. शहरात गाडी चालवणारा माणूस एकतर आपला विद्यार्थी असतो नाहीतर चुकीची चालवतो, असं त्यांचं तीस वर्षांचं ठाम मत. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक होता. त्या ब्रेकवर तीस वर्षं पाय ठेवून ठेवून मास्तरांच्या पायाला वाईट सवय लागली होती. टीव्हीवर गाड्यांची पळापळ सुरू झाली, की ते सोफ्यावर बसल्या बसल्या फरशी दाबत. त्या जागची फरशी खरोखर खचली होती.

एवढ्या ब्रेकांचा परिणाम व्हायचा तो झाला. परवान्याच्या नूतनीकरणाचा फॉर्म घेऊन मास्तर डॉक्टरांकडे गेले, तेव्हा रक्तदाब निघाला एकशे अडुसष्ट. खालचा एकशे दोन!

"मी सही करणार नाही," डॉक्टर म्हणाले. "सोमवारी सकाळी दहाला पुन्हा मोजू. उतरला तर सही, नाही तर शिकवणं बंद."

"पण डॉक्टर, सोमवार हीच शेवटची तारीख आहे!"

"मग सोमवारपर्यंत आराम करा. शहराबाहेर कुठेतरी समुद्रकाठी जा. गाडी चालवायची नाही, कोणाला शिकवायची तर मुळीच नाही."

झालं! दीड तासाच्या अंतरावर समुद्राला लागून एक निवांत कॉटेज मिळालं. बायकोने शेजाऱ्यांचं रक्तदाब मोजायचं मशीन मागून पर्समध्ये टाकलं. सासूबाई आठ दिवसांसाठी राहायला आल्या होत्या, त्यांना एकट्यांना घरी कसं ठेवायचं म्हणून त्याही निघाल्या. आता प्रश्न एकच उरला. घरात गाडी एकच, स्कूलची. ती कोण चालवणार?

"मी," बायको म्हणाली.

ती ग्रंथालयात काम करायची आणि घरीदारी त्याच आवाजात बोलायची. अठरा वर्षांपूर्वी खुद्द मास्तरांनीच तिला परवाना मिळवून दिला होता, आणि त्यानंतर आपण शेजारी बसलेले असताना तिला कधी तिसरा गिअर टाकू दिला नव्हता. मास्तर नाहीच म्हणणार होते. पण फॉर्म डोळ्यांपुढे नाचत होता. "चालव," ते म्हणाले, "मी एक शब्द बोलणार नाही."

शब्द पाळला त्यांनी! तोंडातून चकार शब्द काढला नाही. फक्त शनिवारी सकाळी निघाल्यावर पहिल्या चार किलोमीटरमध्ये अकरा वेळा ब्रेक दाबला.

बायकोने गाडी कडेला घेतली. "अहो, बूट काढा."

मास्तरांनी बूट काढले. पुढच्या सिग्नलला अनवाणी पायाने ब्रेक लागला.

"मांडी घालून बसा."

मास्तर सीटवर मांडी ठोकून बसले. तेवढ्यात समोरून एक स्कूटरवाला आडवा आला, आणि मास्तरांनी कमरेत वाकून चक्क हाताने ब्रेक दाबला! मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून जे काही म्हटलं, ते ऐकून सासूबाईंनी कानांवर हात ठेवले.

"बस झालं. तुम्ही मागे, आई पुढे," बायको हळू आवाजात म्हणाली. ती जितकं हळू बोलते तितकी जास्त चिडलेली असते, हे मास्तरांना लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. ते निमूटपणे मागे जाऊन बसले.

मागच्या सीटवर मास्तर जन्मात पहिल्यांदाच बसत होते. इथून त्यांना ना आरसा दिसत होता, ना क्लच. दिसत होता फक्त समोरच्या ट्रकचा लाल दिवा. तो पेटला, आणि मास्तरांचा पाय सवयीने खाली गेला. तिथे ब्रेक नव्हता. रविवारच्या चहाबरोबर खायला घेतलेला चॉकलेटचा केक होता. पाय घोट्यापर्यंत आत गेला.

"अहो!"

"मी मुद्दाम नाही दाबला! तो खाली कशाला ठेवायचा?"

इकडे पुढे सासूबाई मजेत होत्या. पायाशी काहीतरी आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. "हे काय गं? पायडल आहे वाटतं!" त्यांनी चाळीस वर्षं पायाचं शिलाई मशीन चालवलेलं. रेशमावर शिवण घालताना किती दाबायचं आणि जाडजूड पडद्यावर किती, हे त्यांचा पाय डोळे मिटून सांगायचा. त्यांनी हळूच दाबून पाहिलं. गाडी अशी अलगद थांबली की केकमधला पायसुद्धा हलला नाही.

"अगं बाई, थांबतेय की! आणि त्या होड्या बघ किती सुंदर आहेत!"

त्यानंतर सासूबाईंनी होड्यांसाठी थांबवली, एका पांढऱ्या कुत्र्यासाठी थांबवली आणि एका घराच्या खिडकीचे पडदे फार छान शिवलेत म्हणून थांबवली. पडदे बघून होईतो मागे वीसेक गाड्या उभ्या राहून बोंबलत होत्या. हवालदार शिट्टी वाजवत आला. गाडीच्या टपावर ‘शिकाऊ’ अशी भलीमोठी पाटी, ती त्याने आधी पाहिली.

"शिकवणारं कोण आहे यात?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. पायडलवर त्यांचाच पाय होता, त्यामुळे त्यांना हे उत्तर बरोबर वाटलं.

हवालदाराने अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या शिक्षिकेकडे पाहिलं आणि तो काही बोलणार, इतक्यात मागच्या सीटवरून गर्जना झाली, "अहो, रस्त्याच्या मध्ये काय उभे राहता! मागे बघा आधी!"

तो आवाज कानावर पडताच हवालदार दचकून कडेला सरकला, त्याने मागे वळून बघितलं आणि त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. मग त्याने वाकून आत पाहिलं. "मास्तर! तुम्ही? आणि पायाला हे काय लागलंय?"

"चॉकलेट," मास्तर म्हणाले. "हिच्याकडे परवाना आहे. अठरा वर्षं झाली."

"मग पाटी कशाला?" असं विचारता विचारता त्याला हसू आवरेना. त्याने त्यांना जाऊ दिलं, पण जाताना सासूबाईंना कडक सलाम ठोकला, मास्तरांना नाही. हे मास्तरांना फार लागलं. कॉटेजवर पोहोचल्यावर मशीनने दाखवलं, एकशे शहात्तर!

"इथे कोणी काही करतच नाही, साहेब," कॉटेजचा मॅनेजर किल्ली देताना म्हणाला. "नुसतं पडून राहायचं." दोन झाडांना बांधलेली जाळीची झोळी दाखवून तो निघून गेला. मास्तर झोळीत पडले. डावीकडे समुद्र होता, लाटा एकामागून एक येत होत्या, वाराही छान होता. पण उजवीकडे होती गाड्या लावायची जागा!

तिथे एक चष्मेवाला गृहस्थ दोन झाडांच्या मध्ये गाडी उलटी घालत होता. पुढे, मागे, पुढे, मागे. मास्तरांनी डोळे मिटले. आवाज ऐकून त्यांना आणखी त्रास झाला, कारण आवाजावरून तो क्लच कसा जाळतोय हे नेमकं कळत होतं. डोळे उघडले तर गाडी झाडापासून चार बोटांवर! मास्तरांनी पडल्या पडल्या सगळा जीव एकवटून ब्रेक दाबला. झोळी उलटली. मास्तर तोंडावर वाळूत, आणि चष्मेवाल्याची गाडी मात्र व्यवस्थित जागेवर लागली. तो उतरून धावत आला. "काका, लागलं का? जरा जपून पडायचं ना!"

एकशे ब्याऐंशी. शनिवारी संध्याकाळी तेवढाच, रविवारी सकाळीही तेवढाच. बायको दर तीन तासांनी मशीन काढी आणि मास्तर दंड पुढे करण्याआधीच आकडा मनात वाढवून ठेवत. आराम करा, नाहीतर धंदा गेला, असं कोणी सांगितल्यावर आराम होतो होय? समुद्राकडे बघितलं तरी त्यांना सोमवार दिसायचा. दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी आशा सोडली.

"चला परत," ते बारीक आवाजात म्हणाले. "फॉर्म गेला. आता मी काय नि माझा ब्रेक काय!" बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. हा आवाज तिने आजवर ऐकला नव्हता, आणि तिला तो अजिबात आवडला नाही. तिने पाठीवरून हात फिरवला आणि गाडीचं मागचं दार उघडून धरलं.

मास्तर मागे बसले. आता काही वाचवायचंच नव्हतं, म्हणून त्यांनी पाय सीटवर घेतले. पुढे मायलेकींच्या गप्पा चालू होत्या.

"सावकाश घे बाई, घाई कोणाला आहे?"

"हो आई. वळण आलं."

"मी आहे ना."

वळणापलीकडे एक बस अचानक थांबली. मास्तरांचा पाय खाली जायला निघाला, पण त्याआधीच गाडी हळूहळू मंद होऊन बसच्या मागे सरळ उभी राहिली. धक्का नाही, आवाज नाही.

"कोणी दाबला?" मास्तरांनी विचारलं.

"मी," दोघी एकदम म्हणाल्या.

मास्तर सीटला टेकले. बायको किती सुरेख गाडी चालवते! आणि या बाईला आपण अठरा वर्षं तिसरा गिअर टाकू दिला नाही. त्यांना खूप लाज वाटली. माफी मागायची असं त्यांनी ठरवलं, वाक्यही मनात जुळवलं, आणि ते बोलायच्या आत त्यांना गाढ झोप लागली. तीस वर्षांत चालत्या गाडीत लागलेली ही पहिली झोप. घर आलं तेव्हा ते घोरत होते.

सोमवारी दहा वाजता डॉक्टरांनी पट्टा आवळला, सोडला, पुन्हा आवळला. "एकशे अठ्ठावीस! खालचा ब्याऐंशी! मास्तर, केलंत काय?"

मास्तरांनी सगळं खरंखरं सांगितलं, केक आणि झोळीसकट. डॉक्टर पोट धरून हसले आणि फॉर्मवर सही केली. मग कागद ओढून औषधाची चिठ्ठी लिहिली: ‘मागच्या सीटवर बसणे, रोज एक तास. पुढे सासूबाई.’

एका हातात पुढे बसायचा दाखला आणि दुसऱ्या हातात मागे बसायची चिठ्ठी घेऊन मास्तर जिना उतरले. आणि अर्ध्या जिन्यात त्यांना घाम फुटला. सासूबाई तर गुरुवारी परत जाणार! ते धावतच गाडीपाशी गेले. बायको स्टिअरिंगवर होती, सासूबाई चप्पल काढून पुढे बसल्या होत्या. मास्तर मागे शिरले आणि धापा टाकत म्हणाले, "आई, गुरुवारी कशाला जाताय? राहा की अजून पाच-सहा महिने!"

बायकोने चावी फिरवता फिरवता वळून मागे पाहिलं. जावयाच्या तोंडून असं वाक्य त्या घराण्यात कोणीच ऐकलं नव्हतं.

"राहीन," सासूबाई विचार करून म्हणाल्या. "पण ती चालवताना मध्ये बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"ओरडायचं नाही."

"नाही ओरडणार."

"आणि जावईबापू, तुमचं दार उघडं राहिलंय."

"शक्यच नाही! तीस वर्षांत मी कधी..." असं म्हणत मास्तरांनी बाजूला पाहिलं, आणि मुकाट्याने दार ओढून घेतलं.