मागच्या इमारतीचे खिळे

साथ थोडी ओसरली, शाळा पुन्हा भरली आणि परिपत्रक आलं, की प्रत्येक वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. चौथीच्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि मग खिडक्यांकडे पाहिलं. त्यांच्या वर्गाला तीन खिडक्या होत्या आणि तिन्हींना मिळून बावीस खिळे. मागच्या इमारतीतल्या मुलांचा गलका पुढच्या इमारतीत ऐकू जातो, म्हणून फार वर्षांपूर्वी ते ठोकले होते.

मागच्या इमारतीत काळी मुलं बसत, पुढच्या इमारतीत गोरी. हा भेदभाव नव्हे, असं कार्यालय दरवर्षी लेखी कळवत असे. तो निव्वळ योगायोग होता आणि काटेकोरपणे पाळला जाई. बाई स्वतः काळ्या, म्हणून मुलांना आपलेपणा वाटावा यासाठी त्यांचीही नेमणूक मागेच.

बाईंचा जीव टांगणीला लागला होता तो आईपायी. आई एका फुप्फुसावर दिवस काढत होती. एक्केचाळीस मुलांच्या कोंदट खोलीतून घरी आल्यावर बाई तिच्या खोलीत पाऊल टाकत नसत. तीन आठवडे मायलेकी बंद दाराच्या दोन बाजूंना बसून बोलत होत्या.

"तुझा चेहरा विसरायला लागलेय गं मी," आई आतून म्हणायची.

"विसर खुशाल. लक्षात ठेवण्यासारखा राहिलेला नाही."

बाईंनी अर्ज लिहिला. हेडमास्तरांनी तो चष्मा लावून वाचला, काढून वाचला आणि सुस्कारा सोडला.

"बाई, नुसतं 'खिळे काढा' लिहिलं असतंत तर अर्ज दुरुस्ती विभागाकडे गेला असता. तुम्ही लिहिलंय, 'फक्त मागच्याच इमारतीला खिळे का?' म्हणजे हा न्यायाचा प्रश्न झाला. आता समता कक्षाकडे पाठवावा लागेल."

"दुरुस्ती विभाग काय म्हणाला असता?"

"नाहीच म्हणाला असता. पण लवकर."

समता कक्षात नऊ सभासद होते. विषयाकडे तटस्थपणे पाहता यावं म्हणून सगळे गोरे. ते आपापल्या घरून पडद्यावर जमले. बाईंची तक्रार शंभर टक्के खरी निघाली. ते ऐकून सभासदांना इतकं वाईट वाटलं, की दोघांना कॅमेरे बंद करावे लागले. हा अन्याय एक दिवसही चालू देणार नाही, दोन्ही इमारती तंतोतंत सारख्या झाल्याच पाहिजेत, असा ठराव एकमताने झाला. सोमवारी सकाळी सुतार आला आणि त्याने पुढच्या इमारतीच्या प्रत्येक वर्गात बावीस-बावीस खिळे ठोकले.

साडेदहाला पुढच्या इमारतीतल्या मुलांचे पालक फाटकाशी जमले. "आमची मुलं गुदमरताहेत!" सव्वाअकराला सगळे खिळे बाहेर होते. अर्ज नाही, ठराव नाही, काही नाही.

सुतार पक्कड घेऊन परत निघाला, तेव्हा बाईंनी त्याला मधल्या अंगणात गाठलं.

"दादा, इथवर आलाच आहात, तर आमचेही काढा की."

"काढले असते हो बाई. पण हुकमात पुढचीच इमारत आहे. मागे हात लावला तर नोकरी जाईल." त्याने इकडेतिकडे पाहिलं, पक्कड कठड्यावर ठेवली. "मी जरा पाणी पिऊन येतो." त्या दिवशी तो पाऊण तास पाणी प्यायला.

बाईंनी एकेक खिळा उपटला. मुलं मोठ्याने मोजत होती. बावीस म्हणून झालं, खिडक्या करकरत उघडल्या, वारा आत घुसला आणि एक्केचाळीस मुलं उगाचच ओरडली. बाईंना रडू आलं. घरी त्यांनी आईला दाराबाहेरून सांगितलं, "वर्गात वारा आलाय. अजून दहा दिवस मला ताप-खोकला आला नाही, की आत येते."

दुसऱ्याच दिवशी लिफाफा आला. पुढचे खिळे पालकांच्या इच्छेने निघाले, मागचे विनापरवाना निघाले, सबब दोन्ही इमारतींत पुन्हा विषमता निर्माण झाली, असा त्यात ठपका होता. खिळे परत ठोकले गेले, या खेपेला सव्वीस. पक्कड पुरावा म्हणून जमा झाली. लिफाफ्यात एक प्रशस्तिपत्रकही होतं, उत्कृष्ट अर्जलेखनाबद्दल.

बाई अर्जाची प्रत घेऊन पुढच्या इमारतीच्या पालकांकडे गेल्या. पालकांनी दारातच ती वाचली आणि रुमाल काढले.

"काय लिहिलंय हो बाई! गलबलून आलं. सही कुठे करू?"

"सही नको. पक्कड द्या."

"पक्कड? अहो, ती नेमकी शेजाऱ्यांनी नेलीय."

त्या रस्त्यावर बेचाळीस घरं होती आणि बेचाळीसच्या बेचाळीस पकडी शेजाऱ्यांकडे होत्या.

तुम्हीही इथवर मन लावून वाचलंत, मध्ये एकदोनदा हसलातही असाल. बाई आता तुमच्या दाराशी उभ्या आहेत. शेजाऱ्यांकडे आहे म्हणून सांगू नका, त्या तिथूनच आल्यात.