खाली पडलेलं काचेला नको

"हात पुढे कर," गोदा म्हणाली.

नम्रताने हात पुढे केले. दोन्ही मनगटांत वीतभर हिरवा चुडा किणकिणत होता. लग्नाला अजून महिना झाला नव्हता आणि गोदाकडे कामाचा आज पहिलाच दिवस होता. गोदाने त्या चुड्याकडे फणा काढलेल्या नागाकडे बघावं तसं बघितलं आणि पिशवीतून नवऱ्याचे दोन राखाडी पायमोजे काढले. मोज्यांचे पंजे कातरून टाकलेले होते.

"ह्यातून हात घाल. कोपरापर्यंत ओढ. चुडा दिसता कामा नये."

"वैनी, ह्यांना वास येतोय."

"तीनदा धुतलेत. वास जात नाय त्याला मी काय करू? माणूस बदलू?"

टेम्पोतून बादल्या उतरवणाऱ्या आप्पांनी हे ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. ते त्यांना संसारात चांगलं जमलं होतं.

गोदा आणि आप्पा घाग यांचा रत्नागिरीत काचा साफ करण्याचा धंदा होता. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, समुद्राकडे तोंड केलेल्या नव्या बंगल्यांच्या काचा. 'काचा पुसणारे' म्हटलेलं गोदाला खपत नसे. "पुसतात त्या लाद्या. आम्ही काच राखतो," असं ती सांगे, आणि राखायची ती ओरखड्यापासून. डाग आज ना उद्या निघतो. ओरखडा माणसाच्या शब्दासारखा, एकदा पडला की मागे घेता येत नाही. म्हणून कामावर अंगठी नको, घड्याळ नको, पट्ट्याचं बक्कल नको, खिशात किल्ली नको. गोदाने स्वतःचं मंगळसूत्र पदराआड टाचलेलं असे आणि बांगड्यांवर चिंधी गुंडाळलेली. पण नव्या नवरीला चुडा उतरव म्हणायचं कसं? तसं म्हणावं तर वरून देव बघतो, आणि चुड्यासकट काचेला भिडू द्यावं तर समोरून गिऱ्हाईक बघतं. मोज्यांचा तोडगा त्यातून निघाला होता.

सगळ्यांत कडक नियम मात्र वेगळाच होता. खाली पडलेलं काचेला नको. फडकं पडलं की ते लादीचं झालं. कोकणात वारा रिकाम्या हाताने येत नाही. वाळू आणतो, नाहीतर जांभ्याची तांबडी धूळ. तिचा एक कण फडक्यात शिरला की संपलं. सदूने एकदा पडलेलं फडकं झटकून परत वापरलं, तेव्हा गोदाने त्याला मारुती मंदिराच्या चौकात टेम्पोतून उतरवून दिलं होतं. सदू तिचा सख्खा मावसभाऊ होता.

आणि आज सोमवार होता. सोमवारी गोदा दिवेलागणीपर्यंत पाण्याचा थेंब घेत नसे. देवाला माणसाचा उपास पोचतो. उपासाच्या दिवशीचा संताप तो कुठे ठेवतो, ते त्यालाच ठाऊक.

बंगला भाट्याच्या चढावर होता, बाबाजी सुर्व्यांचा. सुर्वे मुंबईहून निवृत्त होऊन आले होते आणि आल्यापासून रागावलेलेच होते. आधी गवंड्यावर, मग रंगाऱ्यावर, मग समुद्रावर, कारण तो रात्रीही आवाज करत होता. उद्या वास्तुशांत होती. दिवाणखान्याला समुद्राच्या बाजूने भिंतीएवढी एकसंध काच बसवलेली होती आणि तिच्यावर सिमेंटचे, रंगाचे शिंतोडे.

"ही काच मुंबईहून उभीच्या उभी आणलीय," सुर्वे बोट नाचवत म्हणाले. "वाटेत एकदा आडवी नाही केली. एक ओरखडा दिसला ना, तर याद राखा!"

"आमच्या हातून ओरखडा पडत नाय," गोदा म्हणाली.

"तसं गवंडीपण म्हणाला होता."

गोदाच्या कपाळाची शीर टरारली. पण कामाच्या सुरुवातीला तोंडातून वाकडा शब्द काढायचा नाही, असा तिचा नेम होता. सुरुवातीचा आणखीही एक नेम होता. ती बाहेर पडवीत गेली. काचेवर सढळ हाताने पाणी मारून घेतलं. मग कनवटीची पुडी सोडली, अंगाऱ्यात बोट बुडवलं आणि डोळे मिटून काचेच्या कोपऱ्यात 'श्री' काढला. वेळणेश्वर तिच्या माहेरचा देव. त्याच्या अंगाऱ्याचा श्री काढल्याशिवाय तिने आजवर एका काचेला फडकं लावलं नव्हतं. जुनी पुडी संपली होती. ही नवी आप्पांनी कालच फेरीबोटीने जयगडची खाडी ओलांडून आणली होती.

श्रीचा शेवटचा फाटा ओढताना गोदाच्या बोटाला चमत्कारिक शिरशिरी आली. अशी कधी आली नव्हती. देव पावला, असं वाटून तिचे डोळे भरून आले. तिने हात जोडले, वरून पाणी ओतलं आणि रबराच्या पट्टीने श्री निथळून घेतला.

"चला रे! आधी पाणी, मग हात. ब्लेड ओल्यावरच, आणि पुढेच जायचं, मागे ओढायचं नाय. अहो, तुम्ही कुठे चाललात?"

"बादली भरायला," आप्पा म्हणाले. बादली भरलेली होती.

दुपारभर काम चाललं. सदू शिडीवर चढून सिमेंट काढत होता. नम्रता आतून काच धूत होती आणि मोज्यांत तिचे हात उकडून निघत होते. सुर्वे मागे हात बांधून येरझाऱ्या घालत होते. पडवीत त्यांची आई, येसूबाई, खुर्चीवर बसून उद्याच्या वाती वळत होत्या.

ऊन कलतं झालं, समुद्राकडून काचेवर तिरपं आलं, आणि दिवाणखान्यातून सुर्व्यांची आरोळी उठली.

"हे काय आहे? हे काय आहे हे?"

सगळे आत धावले. काचेच्या कोपऱ्यात, माणसाच्या छातीच्या उंचीवर, पांढऱ्या रेघा चमकत होत्या. वेड्यावाकड्या, एकात एक गुंतलेल्या, एक लांब शेपूट सुटलेलं.

"डाग असेल," आप्पा पुटपुटले.

गोदा बाहेर गेली आणि डोळे मिटून तिने काचेवरून नख फिरवलं. नख अडखळलं. ती आत आली ती पांढरीफटक होऊन.

"ओरखडा आहे," ती म्हणाली.

"एक नाही, जाळं आहे जाळं!" सुर्वे कडाडले. "मांजर सोडली होती का काचेवर? उद्या वास्तुशांत! लोकांना काय, समुद्र दाखवू की ही नक्षी?"

"अरे बाबाजी," पडवीतून येसूबाईंचा आवाज आला, "जरा इकडे ये."

"आई, तू थांब! इथे माझी काच गेलीय!"

गोदा वळली. दिवसभर गिळलेला सगळा राग आता घशाशी आला होता, आणि उतरवायला पाण्याचा घोटही नव्हता.

"कोणी केला हा?"

"माझा ब्लेड तिकडे गेलाच नाय," सदू घाईने म्हणाला. "त्या कोपऱ्यात सिमेंटच नव्हता. ताई, मी सांगू? चुडा. काल पण मी म्हटला होता, चुडा घातलेली बाई नको."

"मेल्या, माझा चुडा मोज्यात हाय!" नम्रता उसळली. "हे बघ, कोपरापर्यंत! आणि मी आतून काम करत होते, ओरखडा बाहेरून हाय. डोळे घरी ठेवून आलास काय?"

"दुपारी बादली द्यायला बाहेर कोण आली होती?"

"बादली दिली! काचेला मिठी नाय मारली!"

"गप्प!" गोदा ओरडली. "कालपर्यंत माझ्या काचांवर केसाएवढी रेघ नव्हती. चुडा आला आणि ओरखडा आला. दुसरा काय बदलला, सांग?"

नम्रताच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं. हे काम तिने सासूशी भांडून धरलं होतं. नवरा मुंबईला, खोली मिळेपर्यंत इथे नुसतं चुलीपुढे बसायचं नाही, असं सांगून. हे काम गेलं तर सासू काय म्हणेल, ते तिला शब्दन् शब्द पाठ होतं.

"वैनी, माझ्या हातून झाला नाय."

"अरे, कोणी ऐकेल का?" येसूबाई बाहेरून म्हणाल्या. "मी काय म्हणते—"

"आई, वाती वळ!"

गोदाने हात वर केला. तिचा आवाज आता शांत झाला होता, आणि ते सगळ्यांत वाईट होतं. "ऐका सगळ्यांनी. ज्याच्या हातून हे झाला, तो हात आजपासून माझ्या कामात काचेला लागणार नाय. टेम्पोत बसून राहायचं. मग तो माझा भाऊ असो नायतर कोणी असो. वेळणेश्वराची आण!"

आप्पा दचकले. "अगो, देवाला कशाला मधे आणतेस?"

"तुम्ही बोलू नका!"

"नाय, मी म्हणतो, आण मोठी होते. जरा लहान—"

"अहो, घातली!"

नम्रताने मोजे उतरवायला सुरुवात केली. "नको तुमचं काम. हे घ्या तुमचे मोजे, आणि धुवा चौथ्यांदा."

तेवढ्यात काचेवर बाहेरून टकटक झाली. येसूबाई शेवटी खुर्चीवरून उठल्या होत्या. एका हातात वाती, दुसऱ्या हाताचं बोट त्या रेघांवर.

"बहिरे झालात काय सगळे? केव्हापासून सांगतेय, इथे श्री लिहिलाय!"

सगळ्यांनी माना तिरप्या करून बघितलं.

आतून सगळ्यांना तो उलटा दिसत होता. सुर्वे, सदू, नम्रता धावत पडवीत गेले. गोदा सगळ्यांच्या मागून गेली. बाहेरून बघितलं तर तिरप्या उन्हात तो लखलखत होता. स्पष्ट, ठसठशीत, आणि शेवटचा फाटा लांबवून वर वळवलेला. असा फाटा अख्ख्या जिल्ह्यात एकच बाई काढत असे.

"ताई," सदू हळूच म्हणाला, "हा तर तुझा..."

गोदाने कनवटीची पुडी काढली. चिमूटभर अंगारा अंगठ्यात आणि बोटात धरून चुरला. किरकिर. पुन्हा चुरला. किरकिर. ती दुपारची शिरशिरी. देव पावल्याची.

"अहो," ती म्हणाली.

आप्पा टेम्पोच्या दिशेने चार पावलं गेले होते.

"अहो, ह्यात वाळू आहे."

"असेल थोडी," आप्पा तिथूनच म्हणाले. "देवळातून निघालो, किनाऱ्यावर जरा शहाळं प्यायला थांबलो. वारा होता. पुडी सुटली हातातून."

"म्हणजे खाली पडली?"

"पडली."

"आणि तुम्ही ती परत भरलीत?"

"मग काय करू?" आप्पांचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा चढला. "वाळूत टाकून येऊ? त्याच्यावरून माणसं चालली असती! देवाचा काही खाली पडला तर उचलायचा, कपाळाला लावायचा, टाकायचा नाय. कोणी शिकवलंय मला? लग्नाच्या तिसऱ्या दिवशी प्रसादाचा शिरा सांडला तर कोण ओरडली होती?"

गोदाच. ती ओरडली होती. खाली पडलेलं काचेला नको, हेही तिचंच. देवाचं खाली पडलेलं उचलून कपाळाला लावायचं, हेही तिचंच. आप्पांनी दोन्हींतलं एक पाळलं होतं. आता रागावायचं तर कुठल्या तोंडाने? संताप सगळा जमून आला होता, आणि त्याला जायला दार नव्हतं. तो आतल्या आत फिरला आणि तिच्या डोळ्यांतून बाहेर आला.

सुर्व्यांच्या रागाला मात्र दार सापडलं. "वा! म्हणजे मालकिणीनेच कोरला! बाई, ही काच उद्या सकाळच्या आत—"

"काच हलायची नाही," येसूबाई म्हणाल्या.

"आई, ओरखडा आहे तो!"

"श्री आहे. दारात श्री असलेलं घर कोणाला मिळतं? आणि तुझ्या कपाळावरच्या आठ्यांपेक्षा पुष्कळ सुबक आहे. उद्या भटजींना सांग, आधी इथे हळदकुंकू वाहायचं."

सुर्वे नाइलाजाने समुद्रावर रागावले.

बाजूच्या दोन खिडक्या अजून राहिल्या होत्या. गोदाने डोळे पुसले. नम्रतासमोर येऊन उभी राहिली. रागाचे शब्द तिच्यापाशी पुष्कळ होते, माफीचे वापरात नव्हते.

"पाणी सढळ मार," ती शेवटी म्हणाली. "त्या खिडक्या तू कर. आणि चुड्याला मी बोलले, ते बोलायला नको होतं."

मग ती चालत जाऊन टेम्पोत बसली. आण म्हणजे आण. शेजारी आप्पा स्टिअरिंग धरून समोर बघत होते. टेम्पो बंद होता, तरी ते तो मन लावून चालवत होते.

थोड्या वेळाने सुर्वे टेम्पोपाशी आले. चेहरा तांबडा, आवाज दातांतून. "आई विचारतेय. त्या बाजूच्या खिडक्यांवर... एकीवर 'शुभ', दुसरीवर 'लाभ'... तसंच काढून मिळेल का?"

गोदा ताडकन उठली आणि तिचं डोकं टपाला आपटलं. "ओरखडे पाडायची कामं आम्ही घेत नाय!"

तिकडे नम्रताने खिडकीवर नुसत्या पाण्याने श्री काढला, हात जोडले आणि काम सुरू केलं. गोदाला राहवेना. ती टेम्पोतूनच सूचना देऊ लागली. "वरून खाली घे गो! कडा सोडू नको! सदू, फडका बघ, पडला बघ तो, लादीचा झाला!" आवाज नीट पोचेना, म्हणून ती टेम्पोची काच खाली सरकवायला गेली.

"वैनी!" नम्रता ओरडली. "हात मागे!"

गोदाचा हात काचेपासून बोटभर अंतरावर थबकला.

नम्रता चालत आली. तिने दोन्ही हातांतले राखाडी मोजे सावकाश उतरवले, चुडा खळकन मोकळा झाला. मोजे तिने दाराच्या फटीतून आत सरकवले.

"हे घाला," ती म्हणाली. "गाडीची असली तरी काच ती काचच. आणि तुम्ही आण घातलीय."

गोदाने मोज्यांकडे बघितलं. मग आप्पांकडे.

"ह्यांना वास येतोय," ती म्हणाली.

"तीनदा धुतलेत," आप्पा म्हणाले, आणि टेम्पो चालवत राहिले.