दोन सह्यांची सुपरमोटो

माझ्या हातून चूक होत नाही! फुशारकी मारत नाही, हा माझा धंदाच आहे. पंपांच्या कारखान्यात बावीस वर्षं मी तपासनीस आहे. दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो, आणि घरी हेच काम मी फुकट करतो. बायकोच्या मते घरी जरा जास्तच मन लावून करतो.

तर झालं असं, की लेकीचं कॉलेज ठरलं. लांबच्या गावी, हॉस्टेलवर. निघायला बारा रविवार उरले होते. त्यातले चार तरी ती माझ्याबरोबर घालवेल का, याचा मी कॅलेंडर घेऊन हिशेब करत बसायचो. अलीकडे आमचं बोलणं म्हणजे मी सूचना करायच्या आणि तिनं 'हं' म्हणायचं. मग एक दिवस गॅरेजमध्ये धूळ खात पडलेली तिची छोटी डर्ट बाइक दिसली. चिखलात उड्या मारायची गाडी, तेराव्या वर्षी घेऊन दिलेली. मी जाहीर केलं, की हिची आपण सुपरमोटो करू! म्हणजे चिखलाची मोठी चाकं काढायची, लहान रुंद चाकं आणि गुळगुळीत टायर घालायचे, गाडी थोडी बुटकी करायची, पुढचा ब्रेक दणकट बसवायचा आणि गो-कार्टच्या ट्रॅकवर, डांबरावर फिरवायची. तीन रविवारांत गाडी तयार, उरलेले नऊ रविवार बापलेक ट्रॅकवर! लेक चक्क 'हो' म्हणाली. 'हं' नाही, 'हो'. मला आकाश ठेंगणं झालं.

पहिल्या रविवारी ती जुना शर्ट घालून, केस बांधून हजर. मी तिच्या हातात पाना दिला आणि लगेच काढून घेतला, कारण तिनं तो उलटा धरला होता. स्पोक आवळायला दिले, तर चाक डुगडुगायला लागलं. किती डुगडुगत होतं? केसभर! पण केसभर म्हणजे काय कमी झालं? सगळे स्पोक सोडून मी पुन्हा आवळत बसलो. त्यातच तीन रविवार गेले. तिला म्हटलं, तू नुसती बघ, बघूनच माणूस शिकतो. ती स्टुलावर बसून बघायची. मग स्टुलावर बसून मोबाइल बघायची. मग स्टुलावर नुसताच चार्जर दिसायला लागला.

मला वाटलं, बरंच झालं, मधे मधे कोणी नाही. पुढच्या चाकाची बुशिंगं, म्हणजे आसावर बसणाऱ्या धातूच्या नळ्या, मी दोनदा बनवली आणि दोनदा स्वतःच नापास केली. नवव्या रविवारी बायको गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ती जाणार आहे. गाडी नाही." मी तिला बाजूला व्हायला सांगितलं, कारण उजेड अडत होता.

आता आमच्या कारखान्याचा एक नियम सांगतो. प्रत्येक कामाच्या कागदावर दोन सह्या लागतात. एक करणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची, आणि ही दोन माणसं वेगळी हवीत. घरीही मी तसाच कागद केला. चौसष्ट मुद्दे! एका संध्याकाळी लेक आपणहून आली, पेन उचललं आणि म्हणाली, की तपासणारी मी होईन. मी पेन परत घेतलं. बावीस वर्षं घासल्याशिवाय नजर तयार होत नाही, असं तिला समजावलं. करणारा मी आणि तपासणाराही मीच! सह्या करून करून बोट दुखायला लागलं.

अकरा रविवार संपले. बाराव्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी कागद पूर्ण झाला. रविवारी सकाळी मला दिसलं, की पुढच्या चाकावरची रंगीत पट्टी वाकडी बसलीय. तपासनीस माणसाला वाकडं बघवतं का? चाक काढलं, पट्टी सरळ केली, चाक परत बसवलं. बसवताना ब्रेकच्या दोन पॅडमध्ये चाकाची डिस्क शिरेना, म्हणून स्क्रू ड्रायव्हरनं पॅड मागे सारले. असे पॅड सारले की नंतर ब्रेक चार-पाच वेळा दाबून ते पुढे आणावे लागतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण कागद काल संध्याकाळीच भरला होता ना!

टेम्पोतून गाडी ट्रॅकवर उतरवली. लेक हातात हेल्मेट घेऊन उभी होती.

"बाबा, सकाळी चाक काढलं होतंत. ब्रेक एकदा दाबून बघा ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कागद वाच. एकोणपन्नासावा मुद्दा, पुढचा ब्रेक. दोन सह्या आहेत."

"दोन्ही तुमच्याच आहेत."

"मग तर शंकाच नको!"

तिनं हेल्मेट खाली ठेवलं आणि मी बसणार नाही म्हणाली. म्हटलं ठीक आहे, बाप दाखवतो! हेल्मेट चढवलं, किक मारली आणि सुसाट निघालो. खरं सांगतो, गाडी लोण्यासारखी पळत होती. पहिलं वळण आलं. मी ब्रेक दाबला. तो सरळ हँडलला जाऊन टेकला. दुसऱ्यांदा दाबेपर्यंत वळण मागे राहिलं होतं आणि मी समोरच्या टायरांच्या भिंतीत होतो. ट्रॅकचा मॅनेजर धावत आला आणि ब्रेक तपासला नव्हता का म्हणून विचारायला लागला. मी आडव्या आडव्याच सांगितलं, की कागदावर आहे.

उजव्या खांद्याचं हाड मोडलं. लेक मंगळवारी सकाळी निघाली. मी हात गळ्यात अडकवून दिवाणखान्यात बसलो होतो. ती बॅग घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोर बसली.

"मला त्या ट्रॅकवर कधीच जायचं नव्हतं, बाबा. गाडीचाही कंटाळा आला होता. तुम्ही बोलावलंत म्हणून हो म्हटलं."

ती थांबली. मी काहीतरी म्हणावं म्हणून थांबली होती, एवढं मलाही कळत होतं. चुकलं माझं, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी तिच्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं आणि म्हणालो, "त्या बॅगेची चेन नीट लागलेली नाही."

"हं," ती म्हणाली. चेन लावली आणि गेली.

नव्हतीच लागली हो! मी खोटं कशाला बोलू?