किसनआबांच्या गिरणीतलं अवकाशयुद्ध

नुसत्या आवाजावरून तोफेची जात सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो पिठाची गिरणी चालवत होता.

आमचं गाव नगरच्या उत्तरेला. लष्कराचा सरावाचा माळ गावापासून फार लांब नाही. महिन्यातले काही दिवस तिकडे गोळाबारी चालते. धडाम झालं की नवखा पाहुणा हातातला चहा सांडतो आणि आम्ही त्याला शांतपणे फडकं आणून देतो, इतकी आम्हाला सवय. किसनआबांचं मात्र तसं नव्हतं. गिरणीच्या घरघरीतही त्यांना तो आवाज वेगळा ऐकू यायचा. लगेच ते बटण बंद करायचे, पिठाने माखलेलं बोट वर करायचे आणि दळणाला आलेल्या बायाबापड्यांना जाहीर करायचे, "रनगाडा. मोठ्या नळीचा." पुन्हा धडाम झालं की, "ह्यो बी त्योच. पन ह्यो चुकला." गोळा चुकल्याचं इतक्या लांबून कसं कळतं, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो, पण गव्हाचा डबा घेऊन त्या रांगेत उभा राहिलो की मीही मान डोलवायचो.

आबांचं नुसत्या तोफांवर समाधान नव्हतं. त्यांची खरी भक्ती नव्या शस्त्रांवर. माणूस नसलेलं विमान, उजेडाच्या तिरिपीने जळणारं रॉकेट, उपग्रहाला पाडणारा उपग्रह. हे सगळं ते मोबाईलवर बघायचे आणि दळण घालता घालता आम्हाला समजावून सांगायचे. बोलणं सुरू करण्याआधी डोळे छताकडे लावून म्हणायचे, "सर, ह्यो विषय लई वरचा हाय." आणि मग गव्हाच्या पाटीवर दोन खडे ठेवून, एक खडा दुसऱ्याच्या मागून हळूहळू सरकवत आणायचे. "ह्यो आपला. ह्यो त्यांचा. आवाज न्हाई, धूर न्हाई. खाली आपन भाकर खातोय, आन् वर येक मेला. इचार करा." कोणाच्या तरी दळणात ते दोन्ही उपग्रह नंतर दळले जायचे.

ज्या मोबाईलवर ही विद्या मिळायची, त्याच्याशी मात्र आबांचं उभं वैर. तीस-पस्तीस वर्षं धान्य आणि पट्टे हाताळून त्यांच्या बोटांवरच्या रेघा पार झिजल्या होत्या. त्यात पीठ. फोनला त्यांचं बोट बोट वाटायचंच नाही. दारावर थाप मारावी तसे ते काचेवर बोट मारायचे. फोन ढिम्म. एकदा त्याचा टॉर्च लागला तो चार दिवस बंद होईना, तेव्हा आबांनी तो भरदिवसा गोणपाटात गुंडाळून ठेवला. शेवटी फोन नाकाच्या शेंड्याने उचलता येतो हा शोध त्यांनी स्वतःच लावला. वाजणारा फोन दोन्ही हातांत धरून साठीचा माणूस त्याच्यावर नाक टेकवतोय, हे पाहून माझी बायको पदर तोंडात कोंबून घरी पळत आली होती.

पण फोन फेकून द्या म्हटलं की आबा चिडायचे, कारण तो अश्विनीने दिला होता.

अश्विनी त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्याला नर्सिंग शिकते. खरं तर एव्हाना तिचं शिक्षण संपायला हवं होतं. पण पहिल्या वर्षाला असतानाच तिची आई आजारी पडली, आणि ही पोरगी कॉलेज सोडून, बॅग घेऊन घरी आली. दोन वर्षं आईचं सगळं केलं. आई गेली. मग आबांनी तिला हाताला धरून परत पुण्याला पोचवलं, आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आता शेवटचं वर्ष. रविवारी सकाळी दहाला तिचा फोन यायचा. त्या दिवशी गिरणी बंद. आबा साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन, धुतलेली टोपी घालून ओट्यावर बसायचे. आठवड्यात त्यांच्यासाठी वार तो एकच.

साधारण वर्षभरापूर्वी आबा फोन घेऊन माझ्याकडे आले. "सर, जाम केलाय."

"काय जाम केलंय?"

"लहरी. पोरीचा आवाज येतच न्हाई. वर युद्ध सुरू झालंय, सर. अजून कुनी कबूल करीना."

मी फोन तपासला. आवाज पूर्ण वाढवून दिला. पुढच्या रविवारी पुन्हा हजर. आता दोन देशांचे उपग्रह बरोबर आपल्या तालुक्यावर समोरासमोर आले होते. त्याच्या पुढच्या रविवारी तिसरा देश उतरला. गावात लोक हसायला लागले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू? शिक्षकांच्या खोलीत मी आबांची नक्कलही करून दाखवली. आज त्याची लाज वाटते.

हसणं एकदा मात्र थांबलं. दिवेलागणीची वेळ होती. कोणीतरी ओरडलं म्हणून सगळी आळी बाहेर आली. पश्चिमेकडून उजेडाच्या ठिपक्यांची एक लांबच लांब रांग आकाशात चढत होती. एकामागे एक, सारख्या अंतरावर, शाळेची पोरं प्रार्थनेला निघावीत तशी. कसलाही आवाज नाही. ते कोणत्या तरी कंपनीने सोडलेले उपग्रह आहेत, हे मला ठाऊक होतं. तरी अंगावर काटा आला. आबांनी टोपी काढून हातात घेतली. हीच तुमची फौज का, म्हणून कोणीतरी छेडलं, तरी त्यांची नजर आकाशातून हलली नाही. रांग दिसेनाशी झाल्यावर पुटपुटले, "मानसानं केलंय, सर. आपल्यासारख्या मानसानं. आन् किती गुपचूप चाललंय." त्या क्षणी मला त्या उपग्रहांपेक्षा या माणसाचंच नवल वाटलं. आम्ही सगळे मोबाईलवर फोटो काढत होतो. बघत फक्त ते होते.

मग या हिवाळ्यात एकदा गोळाबारीचे दिवस आले. मी रांगेत होतो. गिरणी बंद होती, आबा पट्टा बसवत होते. धडाम झालं. पत्रे थरथरले. बाया सवयीने आबांकडे बघायला लागल्या. आबा पट्टाच बसवत राहिले. मग बायांच्या नजरा आपल्यावर आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी घाईघाईने बोट वर केलं. "रनगाडा," ते म्हणाले. "मोठ्या नळीचा."

बाया डबे तिथेच ठेवून समाधानाने गेल्या. मी थांबलो. आबांच्या पाठीमागे उभा राहून मी नेहमीच्या आवाजात हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. मग पुढे जाऊन समोर उभा राहिलो.

त्यांना कळलं. हातातला पाना खाली ठेवत ते म्हणाले, "दीड वरीस झालं."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"काय?"

मी ओरडून विचारलं.

"न्हाई. दवाखान्यात गेलो की गावात कळतंय, गावात कळलं की पुन्यात जातंय. तिला कळलं तर येईल की वो बोचकं बांधून. आईच्या वक्ताला आली तशी. म्हनंल, आबा एकटे, ऐकू येत न्हाई, गिरनीत हात जाईल. दोन वर्सं गेली तिची आमच्यापायी. आता परीक्षा तोंडावर हाय. ती झाली की दावतो कान."

"मग ते अवकाशयुद्ध?"

आबा चक्क दुखावले. "ते खरं हाय, सर! त्यात खोटं काय बी न्हाई. फक्त आमच्या फोनपत्तुर आलं नसंल अजून."

पुढच्या रविवारी त्यांनी मला ओट्यावर बोलावून घेतलं. दहाला फोन वाजला, आबांनी नाकाने उचलला आणि सरळ माझ्या हातात दिला. पडद्यावर अश्विनी होती. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून सांगणारा मी तिला म्हणालो, "अगं, इकडे लहरींचा जरा घोळ आहे. उपग्रहांचं काहीतरी..."

"काका, तुम्ही पण?" ती म्हणाली. हसली नाही. "वर्षभर मी दर रविवारी आबांचा कान बघतेय. व्हिडिओ लावला तरी ते फोन कानालाच धरतात. आधी डावा दिसायचा. मग उजवा. आता एका वाक्याला हा आणि दुसऱ्या वाक्याला तो. मी नर्स होतेय, काका."

आबा समोरून माझ्या ओठांकडे एकटक बघत होते. त्यांना एकही शब्द ऐकू येत नव्हता, पण चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता.

"बॅग भरून ठेवली होती मी," अश्विनी म्हणाली. "परवाच. मग वाटलं, पुन्हा शिक्षण सोडून मी दारात उभी राहिले तर आबा कोलमडतील." "त्यांना सांगा, मी येत नाही. परीक्षा देऊनच येईन. पण या आठवड्यात तुम्ही त्यांचे कान दाखवायला न्यायचं. शब्द द्या."

मी शब्द दिला. आणि फोन बाजूला धरून आबांच्या कानाशी तोंड नेलं. "ती येत नाही म्हणतेय!"

"आं?"

"येत नाही ती! परीक्षा देऊनच येणार!" मी असा ओरडलो की समोरच्या घरातून दोन डोकी बाहेर आली.

आबांचा चेहरा उजळला. "येत न्हाई म्हनली?"

मी मान हलवली.

"लई चांगलं झालं," ते म्हणाले. टोपी काढून मांडीवर ठेवली, परत घातली. "लई चांगलं झालं, सर. लई चांगलं झालं." चौथ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज फुटला, आणि त्या रिकाम्या घराच्या ओट्यावर बसून हा माणूस दोन्ही हातांत तोंड धरून मोठमोठ्याने रडायला लागला. आपलं रडणं किती मोठं आहे, हे त्याला कळत नव्हतं.

फोन माझ्या हातात तसाच चालू होता. अश्विनी ते रडणं ऐकत होती, आणि तिने फोन ठेवला नाही.